मागचा लाल दिवा

डायनॅमोअण्णा सायकलचा दिवा दिवसाउजेडी कधीच विकत घेत नसत. "उन्हात दिवा बघायचा म्हणजे जेवून उठल्यावर आमटीचं मीठ बघायचं," असं म्हणत. बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या सायकलवाल्याकडे ते दिवेलागणीनंतरच जात. तोही न बोलता दोन-तीन दिवे काढून देई, आणि अण्णा ते घेऊन दुकानामागच्या अंधाऱ्या गल्लीत शिरत. बरोबर आलेल्या माणसाला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभं करून ओरडून विचारत, "मी दिसतो का?" आपल्याला रस्ता किती दिसतो ही चौकशी त्यानंतरची.

नाव डायनॅमोअण्णा, पण डायनॅमोचा त्यांना मनस्वी राग. चाकाला घासून पेटणारा तो दिवा सायकल थांबली की विझतो. मला म्हणत, "अगं, माणूस रस्त्यात अडतो तेव्हाच दिवा पाहिजे की. आणि हा शहाणा नेमका तेव्हाच डोळे मिटतो." बॅटरीचा दिवा घ्या, असं ते आपल्या कारखान्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला गाठून सांगत. ज्याला नावं ठेवायची त्याचंच नाव शेवटी त्यांना चिकटलं.

अण्णा मूळचे निपाणीचे. बंगळूरला येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती आणि 'जरा थांब'ऐवजी कानडी मिसळलेलं 'स्वल्प थांब' हे त्यांच्या दृष्टीने शुद्ध मराठी होतं. टूलरूममध्ये ते इन्स्पेक्टर होते. यंत्राच्या भागातला केसाएवढा फरकसुद्धा बोट फिरवून ओळखत आणि तो भाग परत पाठवताना करणाऱ्याची आधी चहाची चौकशी करत.

साठ-एकसष्ट सालची ही गोष्ट. माझे वडील अचानक गेले. घरात आई, दोन लहान बहिणी आणि वीस वर्षांची मी. अण्णांच्या शब्दामुळे मला त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसरचं, म्हणजे आराखडे पातळ कागदावर उतरवायचं, काम मिळालं. कारखाना यशवंतपूरच्याही पुढे, सुटायची वेळ सहाची. थंडीत फाटकाबाहेर पडेपर्यंत अंधार झालेला असे. आईने एकच अट घातली, "शेजारचे अण्णा बरोबर असतील तर जा. एक दिवस जरी अंधारात एकटी आलीस, तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं." आई बोलली की ती काळ्या दगडावरची रेघ असे, आणि माझ्या नोकरीवर घरची चूल होती.

माझ्या सायकलचे दिवे अर्थातच अण्णांनी निवडले. गल्लीत मला तीनदा इकडून तिकडे पळवलं. पुढचा दिवा घेतला बेताचा. मागचा मात्र एवढा मोठा आणि लालभडक, की तो लॉरीचा असावा असं मला वाटलं. मी कुरकुरले तर म्हणाले, "पुढचं बघायला तुझे डोळे आहेत. मागून येणाऱ्याची काय खात्री?"

मागून येत ते स्वतःच. "मोठ्यांनी मागं राहावं," हा त्यांचा नियम. दुसरा नियम आणखी विचित्र होता. रस्ता बोलत चालायचं. खड्डा आला की "खड्डा", गाय आडवी आली की "गाय", वळणाआधी "डावं वळण". "नव्या माणसाचं लक्ष राहतं त्यानं," असं त्यांचं म्हणणं. मी पाढे म्हटल्यासारखी ओरडत जाई आणि प्रत्येक शब्दाला मागून त्यांचं कानडी "सरी", म्हणजे "बरं", येई. येणारे-जाणारे माना वळवून बघत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

ड्रॉइंग ऑफिसातल्या मुली तर त्या दिव्यावर टपलेल्याच होत्या. "निघाला गो गार्डाचा डबा," असं सरोजा रोज म्हणायची. महिनाभर ऐकून घेतलं. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तो दिवा काढून पिशवीत टाकला आणि त्या जागी सरोजाने दिलेली, नुसती उजेड परतवणारी नाजूक लाल काच लावली. अण्णांना सांगितलं नाही. त्यांना कळलं तर रागावतील, एवढीच भीती मला वाटली.

निलगिरीची झाडं लागली की रस्त्यावरचे दिवे संपत. त्या संध्याकाळी तिथे मी "डावं वळण" म्हटलं. मागून "सरी" आलं नाही. पुन्हा म्हटलं. मग सायकल वळवली.

अण्णा रस्ता सोडून नाचणीच्या शेतात उभे होते. पुढचं चाक चरात गेलेलं. त्यांचा दिवा इतका प्रखर होता की मला समोरचं कणीस न् कणीस दिसत होतं. ते मात्र माझ्याकडे पाठ करून मला हाका मारत होते, "सुमे, कुठं आहेस गं?"

मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला. 

"मागचा दिवा लावला नाहीस?"

"काढून ठेवलाय, अण्णा."

त्यांनी चाचपडत सायकल चरातून ओढली. मग म्हणाले, "अंधार पडला की मला दिसत नाही गं. तीन वर्षं झाली, वाढतच चाललंय. आधी वाटलं, दिव्यातच दम नाही. बाजारातले सगळे बदलून बघितले. दिवसा काही त्रास नाही. रात्री मोठा लाल दिवा तेवढा कळतो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू आईला सांगितलं असतंस. मग तू घरी आणि मीही घरी. निवृत्तीपर्यंत मला अजून दीड वर्ष काढायचंय."

मला रडू आलं. स्वतःची लाजही वाटली आणि त्यांचा रागही आला, की इतके दिवस ज्यांच्या भरवशावर आई निर्धास्त होती ते माझ्याच भरवशावर चालले होते. पिशवीतून दिवा काढला. स्क्रू ऑफिसातच राहिले होते, म्हणून वेणीची रिबीन सोडून तो मडगार्डला बांधला. घरापर्यंत खडान्‌खडा मोठ्याने सांगत आले. आईला काही सांगितलं नाही. पुढचं दीड वर्ष ते माझ्या मनाला लागून राहिलं. गार्डाचा डबा म्हणणाऱ्या मुलींचं मात्र काही वाटेनासं झालं.

अण्णा निवृत्त झाले आणि निपाणीला निघाले. आता माझ्या नोकरीचं काय, हा विषय आईने अजून काढला नव्हता. मी झोप घालवून बसले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी अण्णा आमच्याकडे आले. बसले नाहीत. "वहिनी," ते आईला म्हणाले, "सुमाला मी रोज घरी आणत होतो असं तुम्हाला वाटतंय. खोटं आहे ते. मला दिसत नाही. दीड वर्ष तिनंच मला आणलं. आता तिला एकटीला येऊ द्या."

आईने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. ती आत गेली, त्यांच्यासाठी कॉफी घेऊन आली आणि पेला त्यांच्या हातात नीट धरवून दिला. मग मला एवढंच विचारलं, "दिव्यात नव्या बॅटऱ्या घातल्यास का?"

अण्णांची माझी पुन्हा भेट झाली नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं पत्र आलं.

कॉफीच्या त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून एकटी निघाले. पुढचा दिवा लावला, मागचाही लावला. निलगिरीपाशी रस्त्यावरचे दिवे संपले. "डावं वळण," मी मोठ्याने म्हणाले, आणि पाय थांबवून मागे कान दिला.