मुंबई–न्यूयॉर्क, नऊ तासांत

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मुंबई–न्यूयॉर्क नऊ तासांत, ही सुरतेतली अफवा माझी.

नव्वदीच्या दशकात मी रिंग रोडवरच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकीट क्लार्क होतो. टाइमटेबलमध्ये प्रत्येक शहराची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. विमान मुंबईहून पहाटे तीनला निघून लंडनमार्गे त्याच दुपारी बाराला न्यूयॉर्कला पोचे. पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. म्हणजे खरा प्रवास साडेअठरा तासांचा. मी सरळ बारातून तीन वजा केले आणि बाहेर बोर्ड लावला.

समोरचा एजंट बिचारा साडेअठरा सांगायचा. विमान तेच, सीट तीच, पण घराक, म्हणजे गिऱ्हाईक, आमच्याकडे. येताना घड्याळात दिवसाहून जास्त का लागला, असं कोणी विचारलं तर आम्ही म्हणायचो, "उलटा वारा!" खरं तर वारा येतानाच मदत करतो.

एकदा मी शेठना म्हणालो, "शेठ, हे बरोबर नाही."

"घराकने घडियाळ देखाय, भाई. पृथ्वी क्यां देखाय छे?" गिऱ्हाईकाला घड्याळ दिसतं, पृथ्वी कुठे दिसते, म्हणून शेठ हसले. त्या दिवाळीला मला बोनस जास्त मिळाला.

मग आमच्या शेजारच्या कुसुमकाकू आल्या. मुलगा न्यू जर्सीत, नात झालेली. काकूंचं सोवळं कडक. प्रवासात पाण्याचा थेंब नाही. पोचल्यावर आंघोळ, मगच पाणी. बारडोलीला गेल्या तरी तसंच.

"विनायक, खरं सांग रे. किती तास? बारापेक्षा जास्त असतील तर मी लंडनला पुतण्याकडे उतरते. आंघोळ, जेवण करून दुसऱ्या दिवशी पुढे."

शेठ मागेच बसले होते. बोर्ड दारावर होता.

"नऊ, काकू."

"इतकेच? मग लंडन कशाला! एकादशी समजेन."

लंडन मागे पडल्यावर, विमान समुद्रावर असताना काकू बेशुद्ध पडल्या. न्यूयॉर्कला त्यांना स्ट्रेचरवरून उतरवलं. दोन दिवस हॉस्पिटल. मुलानं फोनवर माझ्या बायकोला सगळं सांगितलं, वर म्हणाला, "आईला म्हटलं, अगं साडेअठरा तास झाले होते! तर मलाच म्हणते, विनायक तिकिटाच्या धंद्यातला माणूस आहे, तुला काय कळतं?"

मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "बोर्डवर लिही, वृद्धांनी पाणी प्यावं."

काकू परतल्यावर मी पेढे घेऊन भेटायला गेलो. पेढे का, ते मलाही ठाऊक नव्हतं.

"शरीर संपलं रे माझं," त्या म्हणाल्या. "नऊ तास नाही सोसले. आता पुन्हा नाही जायची. वाटेत मेले तर पोराला घोर."

तेव्हा तोंड उघडायचं होतं. मी चहा प्यायलो.

नातीची मुंज नसते, पण वाढदिवस असतात. दरवर्षी मुलगा बोलावतो, दरवर्षी काकू म्हणतात, अंगात बळ नाही. समोरचा एजंट केव्हाच दुकान बंद करून गेला. आमच्या शेठनी दुसरी शाखा काढली.

नवीन मुलांना मी शिकवतो, दोन्ही घड्याळं आधी एका गावची करा, मग वजाबाकी. मुलं लगेच शिकतात. अवघड काही नाहीच त्यात.

काकू अजून शेजारीच राहतात. ते साडेअठरा तास होते आणि त्यांच्या शरीराचा काही दोष नव्हता, हे त्यांना सांगायचं मी अजून देणं लागतो.