धालोत घुसवलेला नायक

"हा नाच कुणी घातला?" मी विचारलं.

"मी," साहेब म्हणाले. "नायक-नायिका दोघंही गावडे आहेत ना? मग अख्ख्या कादंबरीत एक नाच नको?"

गोव्यात, डिचोलीतल्या एका छोट्या प्रकाशनात मी संपादक होते, साहेब मालक. समोर फायनल फाइल होती. फायनल म्हणजे लेखिकेने ओके केलेली, थेट प्रेसला जाणारी. त्यानंतर त्या फाइलला कुणी हात लावायचा नसतो. साहेबांनी दोन पानं स्वतः लिहून घुसडली होती.

कादंबरी सुगंधा गावडेची. पेडण्याची, गावडे या आदिवासी समाजातली मुलगी, औषधांच्या कारखान्यात केमिस्ट. तिची नायिकाही तशीच. नायक प्रॉडक्शनला. ती त्याची बॅच रिजेक्ट करते, म्हणजे सगळा माल नापास. तो लॅबमध्ये भांडायला येतो, पुन्हा टेस्ट करायला लावतो, निकाल तोच येतो, आणि मग मुकाट्याने सॉरी म्हणतो. तिथून प्रेम. मला ती कादंबरी फार आवडली होती. दोन गावड्यांना कुठेही नटवून पाहुण्यांसमोर उभं केलेलं नव्हतं.

आता नायक धालोच्या मांडावर नायिकेला मिठी मारत होता! धालो हा बायकांचा, गाणी म्हणत नाचायचा खेळ. मांड म्हणजे धालो खेळायचं पवित्र अंगण. तिथे चपला काढूनच जायचं. पुरुषाने नाचायचा प्रश्नच नाही. आणि साहेब याच तालुक्यात वाढलेले.

"साहेब, मागच्या कादंबरीतला नायक बँकेत होता. त्याला आपण कॅश काउंटरवर आरती म्हणायला लावली का?"

"तुम्हाला मार्केट कळत नाही."

माझं डोकं सणकलं. त्यांच्यासमोरच मी प्रेसला फोन करून छपाई थांबवली आणि सुगंधाला बोलावलं. शिफ्ट सुटल्यावर ती युनिफॉर्ममध्येच आली. दोन्ही पानं तिने उभ्यानेच वाचली.

"सर, माजी आवय मांडार पयली उबी रवता. ह्या छापल्यार ती थंय खंयच्या तोंडान जातली?" तिची आई धालोच्या रांगेत सगळ्यांत पुढे असायची.

"अगो, कथा आहे ती! बरं, मिठी काढतो. नाच राहू दे."

"धालो मीय खेळतंय, सर. पण ड्युटीर न्हय. माजां पुस्तक माका परत दिया."

"दुसरीकडे कोण छापणार तुझं?"

"नाय छापल्यार नाय," ती म्हणाली आणि निघाली.

छपाई थांबवली म्हणून साहेबांनी मला त्याच आठवड्यात घरचा रस्ता दाखवला. जाताना मी त्यांना जे बोलले, ते इथे छापण्यासारखं नाही. कादंबरी पुढे सिंधुदुर्गातल्या एका प्रकाशकाने काढली, जशीच्या तशी. साहेब अजूनही लोकसंस्कृतीवर भाषणं देतात, आणि लोक टाळ्याही वाजवतात.

नव्या संपादकांना मी एवढंच सांगते. स्वल्पविराम काढण्याआधी लेखिकेला विचारावं. नाच घालायचा असेल तर तिच्या आईलाही.