अध्यक्षांचे मनोगत, तीन मिनिटे चाळीस सेकंद

“बालमित्रांनो,” अध्यक्ष म्हणाले आणि खोकले.

मी रेकॉर्डिंग थांबवले आणि काचेपलीकडून हात वर केला. “बाब, खोकला आला. पुन्हा ‘बालमित्रांनो’पासून घेऊ.”

“कित्याक? आसूं दी,” अध्यक्ष म्हणाले. “नैसर्गिक दिसता.”

गोव्यात डिचोलीला माझा लहानसा स्टुडिओ आहे. पंचवीस वर्षे मी तिथे भजनी मंडळे, आरत्या आणि दशावतारी नाटके रेकॉर्ड करतो आहे. खोकला नैसर्गिक असतो हे मला मान्य आहे. तो कापायचा असतो, एवढेच माझे म्हणणे. पण रमाकांतबाब समितीचे अध्यक्ष होते. खोकला राहिला.

समिती अंध मुलांसाठी मोफत ऑडिओबुक काढत होती. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून गोळा केलेल्या बेचाळीस गोष्टी होत्या. वाचणारे सगळे स्वयंसेवक. मीही फुकटच. तयार गोष्टी फोंड्याजवळच्या एका निवासी अंधशाळेत जायच्या होत्या. काम चांगले होते, म्हणून मी हो म्हटले.

पहिल्या तीन बैठका गोष्टी मराठीत हव्यात की कोकणीत यावर गेल्या. तिन्ही बैठकांत सगळे कोकणीतून भांडले आणि इतिवृत्त मराठीतून लिहिले. शेवटी ठरले की गोष्टी मराठीत, आणि गरज पडेल तिथे कोकणी शब्द. हे शहाणपण म्हाताऱ्यांनी गोष्टी सांगतानाच दाखवले होते.

समितीत अकरा सभासद होते. माइकसमोर आले तिघे. एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी राक्षसाची गोष्ट शुद्धलेखन घालावे तशी वाचली. मी म्हटले, “सर, राक्षस रागावलाय.” ते म्हणाले, “म्हणून काय मी ओरडू?” दुसऱ्यांनी एक पान वाचले आणि मोबाइलवर आलेला फोन घ्यायला बाहेर गेले. ते अजून परत यायचे आहेत. तिसरे अध्यक्ष. त्यांनी गोष्ट वाचलीच नाही. त्यांचे मनोगत होते.

दहा गोष्टी समितीबाहेरच्या स्वयंसेवकांनी वाचल्या. बेचाळीसपैकी एकतीस वाचल्या सुनंदाने.

सुनंदा मुळगावला राहायची. मूळची सावंतवाडीकडची. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर तो मिळेल ती गाडी चालवू लागला. ही अंगणवाडीत मदतनीस होती. मुले सांभाळून, घरचे आटपून, दुपारच्या बसने यायची. पहिल्या दिवशी तिने वाचायला सुरुवात केली आणि माझ्या कानात फटाके फुटले. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो. तो माइकवर आदळला की धप्प असा आवाज येतो. आम्ही त्याला पॉप म्हणतो. मी तिला माइकच्या जरा बाजूला बसवले, समोर जाळी लावली. दुसऱ्या दिवसापासून एकही पॉप नाही. हे शिकायला काही गायकांना दहा वर्षे लागलेली मी पाहिली आहेत.

“दादा, माझो आवाज मालवणी लागता काय?” तिने विचारले.

“लागतो.”

“मगे?”

“मग काय? कुर्ली मालवणीच बोलणार.”

ती तेव्हा ‘कुर्लीचे लग्न’ वाचत होती. कुर्ली म्हणजे खेकडी. नवरा पसंत पडेना म्हणून ती नदीभर फिरते अशी चौदा मिनिटांची गोष्ट. सुनंदाने कुर्लीला नाकातला आवाज दिला. एका माशाला हेडमास्तरांचा आवाज दिला. तो कोणाचा ते मी तिला विचारले नाही. हसू रेकॉर्ड होऊ नये म्हणून मी दोनदा बाहेर गेलो.

सगळे तयार झाल्यावर अध्यक्ष आले. म्हणाले, “विठू, म्हजें मनोगत दर एके काणयेक लाय.”

मला वाटले माझे ऐकण्यात चुकले. “प्रत्येक गोष्टीला?”

“हय. सुरवातीक.”

“बाब, ते तीन मिनिटे चाळीस सेकंद आहे. बेचाळीस वेळा म्हणजे अडीच तासांच्या वर होईल. एकदाच पहिल्या ट्रॅकवर ठेवू.”

“हें कोणें केलां तें भुरग्यांक कळूंक नाका?”

मी म्हटले, मुलांना कळायलाच हवे तर वाचले सुनंदाने आहे, मग तिचेही नाव घालू. ते म्हणाले, वाचकांचे आभार मनोगतात ‘ज्ञात-अज्ञात हात’ या शब्दांत मानलेले आहेत. मग मी मान डोलावली. गावात भांडण नको, कामात खोडा नको, असे काहीतरी मनात होते. ती माझी चूक. दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

पेन ड्राइव्ह शाळेत गेले आणि महिन्याभराने तिथल्या शिक्षिका शैलाबाईंचा फोन आला. “विठूबाब, तुमचा स्पीकर अडकतो. एकदा येऊन बघा.”

मी गेलो. समितीने दिलेला तो साधा, पेन ड्राइव्ह लावायचा स्पीकर होता. तो बिघडला नव्हता. त्याला बटणे तीनच: चालू-बंद, पुढचा ट्रॅक, मागचा ट्रॅक. ट्रॅकच्या आत पुढे सरकायची सोय नाही. बंद करून पुन्हा लावला की कुठला ट्रॅक ते त्याच्या लक्षात राहते, पण ट्रॅकमध्ये कुठे होतो ते राहत नाही. तो पुन्हा आरंभापासून सुरू होतो. शाळेत जेवणानंतर ऐकायला दहा मिनिटे मिळायची. त्यातली पावणेचार अध्यक्षांची. उरलेल्या सहा मिनिटांत एकही गोष्ट संपायची नाही. कुर्ली जेमतेम दुसऱ्या नवऱ्यापर्यंत पोचायची आणि घंटा व्हायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा “बालमित्रांनो”. पुढचे बटण दाबले तर पुढची गोष्ट, आणि तिच्या दारातही तेच अध्यक्ष.

संजना नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पहिल्या बाकावर होती. तिने मला विचारले, “त्या आजोबांची गोष्ट पुढे का जात नाही?”

“कुठल्या आजोबांची?”

“ते दरवेळी सुरुवातीला येतात. खोकतात. आणि त्यांना काही होतच नाही.”

“बघतो,” मी म्हणालो. परत येऊन थेट अध्यक्षांच्या घरी गेलो. सगळे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले की रविवारी सकाळी वितरण सोहळा आहे, एक अंध मूल स्टेजवर गोष्ट सांगणार आहे, तेव्हा हे सगळे नंतर पाहू. पेन ड्राइव्ह महिन्यापूर्वीच वाटून झाले होते. पण सोहळा झाल्याशिवाय वाटप झाले असे आमच्याकडे कोणी मानत नाही.

रविवारी हॉल भरला होता. सुनंदा शेवटच्या रांगेत बसली होती. तिला निमंत्रण समितीने नाही, मी दिले होते. निवेदकाने संजनाला माइकपाशी उभे केले. “सांग बाळ, तुला कुठली गोष्ट येते?”

संजनाने दोन्ही हात मागे बांधले, हनुवटी वर केली आणि जाड आवाज काढला.

“बालमित्रांनो,” ती म्हणाली. खोकली. “आज या मंगल प्रसंगी माझे अंतःकरण भरून आले आहे.”

पुढची रांग हलली. मागून कोणीतरी खिदळले. ती थांबली नाही. ‘संस्कारांची शिदोरी’, ‘उद्याचे आधारस्तंभ’, ‘ज्ञात-अज्ञात हात’ सगळे आले, एक शब्द इकडचा तिकडे नाही. श्वास जिथे अध्यक्षांनी घेतला तिथेच तिने घेतला. शैलाबाईंनी कपाळाला हात लावला. आता अध्यक्ष भडकणार आणि शाळेवर राग काढणार, अशी भीती मला वाटली.

अध्यक्ष उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते स्टेजवर गेले, संजनाला शाल घातली आणि माइक हातात घेतला. म्हणाले, “विचार मुलांच्या काळजापर्यंत पोचले, याहून मोठी पावती कोणती?” टाळ्या पडल्या. मग ते वीस मिनिटे बोलले.

चहाच्या वेळी मी संजनाजवळ गेलो. “अगं, गोष्ट का नाही सांगितलीस?”

“सगळ्या अर्ध्याच येतात,” ती म्हणाली. “पुरी येते ती हीच.”

ती थट्टा करत नव्हती. तिला गोष्ट सांग म्हटले होते आणि शेवट माहीत असलेले तिच्यापाशी एवढेच होते.

सुनंदा बाजूलाच उभी होती. तिने बशी खाली ठेवली. “नाव घेतला नाय तां जावंदे, दादा. पण पोरांनी कुर्ली आयकलीच नाय?”

त्या आठवड्यात मी कोणाची परवानगी मागितली नाही. बेचाळीस फाइली उघडल्या आणि बेचाळीस ठिकाणचे मनोगत कापले. त्या जागी एक ओळ ठेवली: गोष्टीचे नाव आणि वाचणाऱ्याचे नाव. सुनंदाला बोलावून तिच्याच आवाजात ती घेतली. लांब गोष्टींचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे केले, म्हणजे स्पीकर विसरला तरी फार मागे जाणार नाही. कापताना नुसती शांतता टाकून चालत नाही, ती कानाला खड्डा पडल्यासारखी वाटते. खोलीचा स्वतःचा एक बारीक आवाज असतो, तो जोडावा लागतो. आम्ही त्याला रूम टोन म्हणतो. मी तो प्रत्येक सांध्यावर जोडला. चार दिवस लागले. हे काम पहिल्याच दिवशी करायचे होते. तेव्हा मी मान डोलावत होतो.

नवे पेन ड्राइव्ह घेऊन आम्ही दोघे शाळेत गेलो आणि ते शैलाबाईंना देऊन आलो. समितीच्या कपाटात जुनेच राहिले. पंधरा दिवसांनी शैलाबाईंचा फोन आला. मुलांमध्ये भांडण लागले होते. कुर्लीने शेवटी ज्याच्याशी लग्न केले तो नवरा अर्ध्या वर्गाला पसंत नव्हता. सुनंदाला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “माकाय नाय पसंत,” आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसली.

आता या गोष्टीला दोन वर्षे झाली. मनोगत कापले गेल्याचे अकरापैकी एकाही सभासदाला कळलेले नाही. कळायला एक तरी गोष्ट लावून ऐकावी लागेल. वार्षिक अहवालात मात्र ‘अध्यक्षांच्या मनोगतास बालश्रोत्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ असे छापले आहे.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे. कोणाला मनोगत रेकॉर्ड करायचे असेल तर मी ते फार मन लावून करतो. खोकला ठेवतो, मागे हलकी बासरी घालतो आणि वेगळ्या पेन ड्राइव्हवर ज्याच्या त्याच्या हातात देतो. आजवर एकाचीही तक्रार आलेली नाही.