पुलाखालची बारी

“थांबा मावशी, ठेका तुटंल.” नळदुर्गातल्या माझ्या शिवणकामाच्या दुकानात हाताखाली असलेल्या पोरीला हाक मारली की हे उत्तर ठरलेलं. एका हाताने कापडावर खडूच्या खुणा, दुसऱ्या हाताने टेबल वाजवणं चालू. दारात गिऱ्हाईक ताटकळलं तरी ओळ जुळल्याशिवाय मान वर नाही. मी मुलखाची तापट, पण हिच्यापुढे माझं काही चालायचं नाही.

ती रॅप करायची. ती, एक टेम्पोवाला आणि बॅटरीच्या दुकानातला एक पोरगा, असा तिघांचा ग्रुप. आधी हिंदीत म्हणायचे. मग तिने मोबाईलवर नॉर्वेतल्या कुठल्याशा ग्रुपची गाणी ऐकली, आणि दिवसभर मलाही ऐकवली.

“काय म्हणतायत ते, तुला तरी कळतं का गं?”

“न्हाय. पर त्येंच्या गल्लीतली पोरं त्येंच्याच बोलीत म्हनत्यात, एवढं कळतंय. मग आपुन हिंदीत कशापायी?”

तेव्हापासून हायवेच्या पुलाखाली नळदुर्गी बोली सुरू झाली. “टेम्पो तुजा खोकतू, घाटात मुक्काम ठोकतू.” एकाने दुसऱ्याला असं यमकात सोलायचं, दुसऱ्याने हूं का चूं न करता ऐकायचं, मग त्याची बारी. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही ते भांडणच वाटलं असतं.

एका रविवारी दुपारी तसंच झालं. समोर नवीन दुकान टाकलेल्या गृहस्थाने बघितलं, की एक मुलगी टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय आणि तो मुकाट उभा आहे. त्याने पोलिसांना फोन लावला. तिघांनाही ठाण्यात नेलं.

निरोप माझ्या दुकानात आला. ती पोलीस भरतीत निवडली गेली होती. धावणं झालं होतं, लेखी झाली होती, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती, आणि तीही याच ठाण्यातून. शिवीगाळीची नोंद झाली तर चार वर्षांची मेहनत मातीत. दुकान उघडं टाकून मी धावले.

जमादार टेम्पोवाल्याला विचारत होते, “ही तुला घालूनपाडून बोलली का?”

“व्हय साहेब.”

मी कपाळाला हात लावला.

“मग तक्रार लिहू?”

“तक्रार कशाची? माजी बारी राह्यलीय की अजून.”

जमादारांनी पेन खाली ठेवलं. “मग घे इथंच. बघू दे आमाला.”

टेम्पोवाल्याने तिच्या धावण्यापासून मी शिवलेल्या ब्लाऊजच्या फिटिंगपर्यंत सगळं धुऊन काढलं. ती खाली मान घालून हसत ऐकत होती. जमादारांनी वही मिटली आणि चहा सांगितला. माझा जीव भांड्यात पडला. फिटिंगबद्दल बोलला ते मी त्याला तिथल्या तिथं माफ केलं.

पडताळणीचा कागद वर गेला, ‘आक्षेप नाही’. कळलं त्या दिवशी ती टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मी शटर अर्धं ओढलं आणि गिऱ्हाइकांना उद्या या म्हटलं.

ती ट्रेनिंगला जाऊन सहा महिने झाले. तिच्या जागी मी कुणाला ठेवलेलं नाही. फॉल-पिको माझं मीच करते. उशीर होतो, बायका कुरकुरतात. कुरकुरू देत. पोरगी मार्गी लागली.