आत्याचा सफेदा आणि माझी पीएचडी

आत्या काल गेली. मला तिचा वाटणारा हेवा अजून इथेच आहे.

माझं पीएचडीचं काम असं. प्लास्टिकच्या कचऱ्यात कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, घालायचा, प्रकाश सोडायचा आणि प्लास्टिक किती तुटलं ते मोजायचं.

माझ्याकडे एसी लॅब होती. आत्याकडे कारंजा गावातल्या घराची गच्ची.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आत्या नुकतीच मॅट्रिक झाली होती.

आम्हा जैनांच्या घरी अष्टमी-चतुर्दशीसारख्या तिथीला हिरवी भाजी होत नाही. म्हणून उन्हाळ्यात मुंगवड्या, मुगाच्या डाळीच्या वड्या, गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर वाळवून ठेवतात. शेजारच्या चार घरांची गच्ची एकच, म्हणून प्रत्येकीनं आपल्या कागदावर सफेद्यानं, पांढऱ्या रंगानं, नावाचं अक्षर काढलेलं.

उन्हाळा सरता सरता कागद फाटले. नेमके अक्षरांच्या जागी.

सगळ्यांनी दुकानदाराला शिव्या घातल्या.

आत्या म्हणाली, "रंगाखाली त सावली असते. मंग तिथंच काहून फुटलं?"

पुढच्या उन्हाळ्यात तिनं एकाच नव्या कागदाचे दोन तुकडे केले. दोन्हींवर सफेदा लावला. एक गच्चीवर, एक अलमारीत.

अलमारीतला शाबूत राहिला. गच्चीवरच्याचा बोट लावताच चुरा.

सफेदा म्हणजे झिंक ऑक्साइड. ऊन पडलं की तो लागून असलेलं प्लास्टिक तोडू लागतो. हे मला पुस्तकानं सांगितलं. तुलनेसाठी एक तुकडा 'कंट्रोल' म्हणून वेगळा ठेवायचा असतो, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी बीएस्सीला असताना तिनं मला हे सगळं सांगितलं. पुढे पीएचडीला मी विषय तोच घेतला.

थीसिसच्या प्रस्तावनेत लिहिलं : 'लहानपणी घरच्या गच्चीवर मी केलेल्या निरीक्षणातून हा प्रश्न सुचला.'

मी केलेल्या.

बाइंडिंग केलेली प्रत घेऊन कारंज्याला गेले. थीसिसचं इंग्रजी तिला कळत नव्हतं. चष्मा लावून तिनं पानं उलटली.

"याच्यात मायं नाव कुठं हाये? दाखव."

"आत्या, लॅबमध्ये काम केलेल्यांचीच नावं टाकतात."

"असं का. गच्चीले एसी नोयता, म्हणून राह्यलं असन." ती हसली. "च्या घेतं का?"

आभाराच्या पानावर हॉस्टेलच्या मेसवाल्याचंही नाव आहे. जागा भरपूर होती.

मला लोक हुशार म्हणतात. मी उत्तरं नीट काढते. पण तसा प्रश्न मला आजवर एकदाही पडलेला नाही, आणि तिला तो वड्या गोळा करताना पडला.

क्षमावाणीला, आम्हा जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, दर वर्षी फोनवर 'उत्तम क्षमा' म्हणत तिची क्षमा मागायचे. कशाबद्दल, ते कधी बोलले नाही.

प्रश्न तुझा होता, आत्या. मी तो माझा म्हणून लिहिला.

उत्तम क्षमा.