आकारामची म्हस आणि सकाळची शाळा

आकाराम माणूस वाईट नव्हता. पण त्याला फसवणं राहू दे, साधं खरं सांगायचं म्हटलं तरी समोरच्याला घाम फुटायचा. वांगी घेताना तो देठ मोडून बघायचा. नारळ कानाशी धरून हलवायचा आणि तरी घेताना तोंड वाकडंच. लग्नाला गेला तर पहिल्या पंगतीला बसायचा नाही. पहिली पंगत जेवून उठली आणि धडपणानं चालायला लागली की मग हा दुसरीला मांडी घालायचा. त्याची बायको शालूबाई म्हणायची की हे मला बघायला आले तेव्हा म्हस घ्यायला आल्यागत माझ्याभोवती फिरून गेले होते. आकाराम त्यावर हसायचासुद्धा नाही, कारण ते खरं होतं.

आता सगळा दोष त्याचा एकट्याचा नव्हे. धंदाच तसला. गंगावेशीत कट्ट्यावर म्हस उभी करायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास त्याच्या हातात द्यायचा. तालमीतली पोरं घाम पुसत येतात, पेन्शनर येतात, आणि तिथंच उभ्यानं ग्लास तोंडाला लावतात. घरी काढून कॅनमधून आणलेलं दूध ह्या कट्ट्यावर फुकट दिलं तरी कुणी घेणार नाही. दुधात काय घातलं असेल ह्या संशयावरच तर आकारामचं घर चाललं होतं. ज्याची भाकरी संशयावर भाजते, त्यानं जगावर विश्वास कुठनं ठेवायचा?

तर अशा ह्या माणसाच्या दारात एक दिवस शाळा आली. कोरोनानं दीड वर्ष बंद असलेली शाळा आता उघडणार होती, आणि त्याआधी शिक्षक घरोघर फिरून आईबापांची मनं तयार करत होते. आकारामची निशिगंधा महापालिकेच्या शाळेत सातवीला. तिच्या वर्गाच्या तेजस्वी मॅडम आल्या, गोठ्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, शेणाच्या वासाला नाकसुद्धा मुरडलं नाही. गोड बोलल्या. मास्क शाळा देणार, एका बाकावर एकच मूल, दिवसाआड वर्ग, आणि शाळा सकाळची, सात ते अकरा. पोरीची वाट बघतोय म्हणाल्या.

त्या गेल्यावर आकारामनं सुपारी कातरत विचार केला. दीड वर्ष ज्यांना पोरीची आठवण झाली नाही, त्यांना एकदम एवढा उमाळा का? आणि बाई चहाला नको म्हणाली. चहाला नको म्हणणारा माणूस काहीतरी मनात ठेवून आलेला असतो, असं त्याचं पक्कं मत होतं.

मग शाळेत पालकांची सभा झाली. आकाराम गेला, पण ऐकायला नव्हे, तपासायला. आधी त्यानं नळ सोडून पाणी येतंय का बघितलं. मग हातावर मारायच्या औषधाची बाटली उघडून हुंगली आणि शेजारच्याला सांगितलं, नुसता वास हाय, आत पाणी असणार. कपाळावर धरायचं ते तापाचं यंत्र त्यानं स्वतःवर दोनदा धरून घेतलं. दोन्ही वेळा आकडा वेगळा आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते काय सांगायचं! शेवटी मुख्याध्यापकांनी सांगितलं की मुलांना पाठवायला तयार आहे असं प्रत्येकानं सही करून द्यायचं. झालं. आकाराम उभाच राहिला. उद्या पोराला काय झालं तर ह्यांचे हात वर, असं त्याचं म्हणणं. "माझं दूध पिऊन कुणाचं पोट बिघडलं तर मी जबाबदार न्हाय, असं मी गिऱ्हाइकाकडनं लिहून घेतोय व्हय?" असं त्यानं भर सभेत विचारलं आणि सही न करता घरी आला. चार बायकांनीही त्याचं ऐकून सही केली नाही. त्या दिवशी तो फार खूश होता.

पण थांबा. त्याची ही सगळी ऐट वरवरची होती, आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. पोरगी शाळेत गेली तर म्हशीची धार कोण काढणार, ही त्याची खरी अडचण होती.

त्याचं असं झालं. दुसऱ्या लाटेत आकारामला कोरोना झाला. दवाखान्यातून वाचून आला, पण काही महिने हातातली ताकद गेली, आणि त्याच सुमाराला चंद्रीचं रेडकू दगावलं. चंद्री म्हणजे त्याची दुभती म्हस. दुसरी गाभण होती. रेडकू गेलेली म्हस पान्हा चोरते. शालूबाई बसली तर लाथ झाडायची, आकाराम बसला तर सगळं दूध वर ओढून घ्यायची. आणि एक दिवस निशिगंधा जाऊन बसली, तर चंद्रीनं डोळे मिटले आणि बादली भरली. तेव्हापासून रोज सकाळी कट्ट्यावर बारा वर्षांची पोर धार काढायला बसायची आणि आकाराम ग्लास भरून द्यायचा. लोकांना कौतुक वाटायचं. पैलवान ऋतुराज तर म्हणायचा की पोरीच्या हातचं दूध जास्त गोड लागतंय. आकाराम आता पहिल्यासारखा धट्टाकट्टा झाला होता, पण चंद्री काही केल्या त्याच्या हाताला पान्हवत नव्हती. महिन्यातनं चारदा बसून बघायचा. त्याचा नुसता वास आला तरी ती डोळे पांढरे करून मागं सरायची, जसं काही त्यानं तिला कधी मारलंच होतं. त्यानं तिला आयुष्यात कधी काठीसुद्धा लावली नव्हती, आणि ह्याचं त्याला फार वाईट वाटायचं.

कट्ट्यावरच्या एकानं हळूच सुचवलं, पान्ह्याची सुई मार, झक्कत दूध सोडंल. आकारामनं त्याला असा काही शिव्यांचा आहेर केला की तो बिचारा आठवडाभर दुसरीकडं म्हस बांधत होता. सुईचं दूध तालमीतल्या पोरांना पाजायचं? त्यापेक्षा म्हस विकीन म्हणाला.

म्हणजे सकाळी सात ते अकरा शाळा, आणि कट्टाही नेमका सकाळीच. धार घरी काढून आणावी तर गिऱ्हाईक घेणार नाही. पोर शाळेत गेली तर दिवसाआड सकाळचा धंदा बसला. शालूबाईनं हे तोंडावर सांगितलं, की उगाच शाळेला नावं ठेवू नका, तुम्हाला पोरगी म्हशीखाली पाहिजे. आकाराम तिच्यावर ओरडला आणि जेवला नाही.

तेजस्वी मॅडम काही पिच्छा सोडेनात. पुन्हा आल्या. ह्या खेपेला निशिगंधाशी एकटीशी बोलायला मागितलं. आकाराम कान टवकारून कडब्याआड उभा. ऐकू काही आलं नाही, पण मॅडम गेल्यावर पोरीनं मूठ झाकून ओच्यात काहीतरी कोंबलं, ते त्यानं बरोबर टिपलं. हां! म्हणजे पोरीला खाऊ देऊन फितवायला लागल्या! त्यात शेजारच्या बायडाबाईनं तेल ओतलं. म्हणाली, वर्गातली पोरं कमी झाली की मास्तरणीची बदली होते, म्हणून तर ही वणवण चाललीय. आकारामला एकदम सगळं लख्ख दिसलं. बाईला नोकरीची काळजी, आणि आपण समजतोय पोरीची!

आता तो पोरीवर पाळत ठेवायला लागला. बापानं लेकीवर पाळत ठेवायची म्हणजे लाजच, पण आकारामला कुठली लाज? दुसऱ्या दिवशी दुपारी शालूबाई बाहेर गेलेली, हा झोपल्याचं सोंग घेऊन पडलेला. निशिगंधा पाय न वाजवता गोठ्यात गेली. हा मागोमाग गेला आणि वैरणीच्या ढिगाआडून बघायला लागला.

पोरीनं आधी काय केलं, तर खुंटीवरचा आकारामचा सदरा काढला. घामाचा, तंबाखूच्या वासाचा, कालचा. तो अंगात घातला. ढगळ बाह्या वर सारल्या आणि चंद्रीच्या कासेशी जाऊन बसली. चंद्री शांत होती. आणि पोरीनं दात-ओठ खाऊन चंद्रीला सणसणीत चिमटा काढला. म्हस फुरफुरली, दावणीला हिसका देऊन मागं गेली. पोर पुन्हा कासेशी बसली, पुन्हा चिमटा. मग तिनं सदरा काढून लांब फेकला, ओच्यातनं गुळाचा खडा काढून चंद्रीच्या तोंडाशी धरला, तिच्या मानेला मिठी मारली आणि रडायला लागली. "चुकलं गं बये माझं," म्हणत होती.

आकाराम तिथंच खाली बसला. जगातला प्रत्येक माणूस आपल्याला फसवणार हे तो धरूनच चालला होता, पण गोठ्यात, आपलाच सदरा घालून, आपलीच पोर! त्याला आधी राग आला. इतका आला की हातात काठीही घेतली. पण म्हशीच्या गळ्यात पडून रडणाऱ्या पोरीवर काठी उगारणार कशी?

काठी टाकली तसा आवाज झाला. निशिगंधा वळली आणि पांढरीफटक पडली.

गूळ मास्तरणीनं दिला का, हे त्यानं आधी विचारलं. सवय ती सवय. पोरगी म्हणाली की गूळ आईच्या डब्यातला, मॅडमनी एक खोडरबर दिलं होतं. मग हे सगळं कशासाठी, असं त्यानं विचारलं.  ती म्हणाली की तुमच्या हाताला चंद्री पान्हवली असती तर तुम्ही मला शाळेला पाठवलं असतं.

"मग जायाचं की. शाळंचं एवढं भ्या कशापायी?"

"मला काय येत न्हाय, आप्पा. धडा वाचाय लागलं की अक्षरं लागत न्हाईत. पाचवीतलं बी इसरलंय. सगळी हसतील."

आकारामला खरं वाटेना. रोज सकाळी मोबाइलवर शाळा भरत होती, रोज संध्याकाळी तो विचारायचा अभ्यास झाला का, आणि ती म्हणायची झाला. त्यानं तेच तिला सुनावलं. दीड वर्ष मोबाइलवर काय करत हुतीस मग?

निशिगंधानं खाली बघितलं. "मोबाइल तुमच्या खिशात असतोय की, आप्पा. कट्ट्यावर. आणि मी बी तिथंच, म्हशीखाली."

वांग्याचा देठ मोडून बघणारा, तापाचं यंत्र दोनदा धरणारा हा माणूस. त्यानं आयुष्यात एकच गोष्ट न तपासता खरी धरली होती, ती म्हणजे लेकीचं 'झाला'. का धरली? सोयीची होती म्हणून. आकारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पोरीला जवळ घेऊ बघत होता, पण ती चंद्रीला धरून उभी होती, आणि चंद्री त्याला जवळ येऊ देत नव्हती.

संध्याकाळी तो स्वतः तेजस्वी मॅडमच्या घरी गेला. पहिल्यांदा चपला काढून बाहेरच उभा राहिला. सगळं सांगितलं, सदऱ्याचंही सांगितलं, आणि वाचताना पोरीचं हसं होईल म्हणाला. मॅडम म्हणाल्या की अर्ध्या वर्गाचं असंच झालंय, पहिला महिनाभर सातवीचं पुस्तक उघडणारच नाही, सगळ्यांना मागचंच शिकवायचं आहे. आकारामचा संशय अजून मेला नव्हता. त्यानं स्पष्टच विचारलं, की पोरं कमी झाली तर तुमची बदली होणार, म्हणून म्हणताय न्हवं?

"व्हय, बदली होणार," मॅडम म्हणाल्या. "ते बी खरं हाय, दादा, आणि पोरगी बुडायला लागलीय हे बी खरं हाय."

आपल्या तोंडावर असं कबूल करणारं माणूस आकारामला आजवर भेटलं नव्हतं. त्यानं चहा मागून घेतला, स्वतःहून. आणि सही केली.

शाळा सुरू झाली त्या सकाळी शालूबाई पोरीला घेऊन गेली आणि आकाराम चंद्रीला घेऊन कट्ट्यावर गेला. नवा, धुतलेला सदरा घालून. मानेला खाजवलं, गुळाचा खडा दिला, आई-बाई म्हणून खाली बसला. चंद्रीनं गूळ खाल्ला आणि पान्हा चोरला. त्यानं पुन्हा कासेला पाणी लावलं, पुन्हा हात घातला. चार थेंब आले. तालमीतली पोरं रिकामे ग्लास घेऊन उभी, मागं पेन्शनर. कुणीतरी मागनं कुजबुजलं की दूध घरीच काढून दुसरीकडं विकून आलाय वाटतं. दुसरा म्हणाला, सुई मारून मारून म्हस आटवलीया. जन्मभर ज्यानं लोकांवर संशय घेतला त्याच्यावर आज अख्खा कट्टा संशय घेत होता, आणि आकारामला ते ऐकू येत होतं. एरवी त्यानं कट्टा डोक्यावर घेतला असता.

एकेक करून गिऱ्हाईक शेजारच्या म्हशीकडं सरकलं. ऋतुराज तेवढा थांबला. रिकामा ग्लास हातात फिरवत त्यानं विचारलं, "काय आकारामदादा, आटली व्हय म्हस?"

आकाराम कासेखालनं उठला नाही. कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून म्हणाला, "आटली न्हाय, भावा. माझी पोरगी शाळंत गेलीया."