विशाखाची सीट

विशाखाशी, म्हणजे माझ्या बायकोशी, माझं शेवटचं बोलणं गाडीच्या बॅटरीवर झालं. भेटायला येणारे लोक विचारतात, शेवटी काय म्हणाली? मी खरं ते सांगतो आणि त्यांचे चेहरे पडतात. त्यांना काहीतरी मोठं हवं असतं, पोरीला सांभाळा वगैरे. मी तरी कुठून आणू? डेंग्यू होता. ताप उतरला होता, आम्हाला सगळ्यांना वाटलं की सुटलो. ती स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, त्यामुळे रिपोर्ट आला की आधी तीच घ्यायची, नीट वाचायची आणि उशाखाली सारायची. मला दाखवायची नाही. "तुले काय समजते त्यातलं? तू आपला नद्या अन् डोंगर पाय," म्हणायची. मी शाळेत भूगोल शिकवतो. शेवटच्या संध्याकाळी मी दवाखान्यात डबा घेऊन गेलो तर तिनं आधी विचारलं, "मास्तर, गाडी चालू केली होती काय?" मी म्हटलं, "मले येते काय गाडी?" तर म्हणे, "चालवू नको ना बाप्पा. गिअर काढून पाय, चाबी फिरव अन् पाच मिनिटं चालू ठेव. नाही तं बॅटरी बसते." मी बरं म्हटलं. सासूबाई तिच्याजवळ थांबल्या आणि मी घरी आलो, मैत्रीची शाळा होती. मैत्री आमची मुलगी, आठ वर्षांची. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळत होतो तेव्हा सासूबाईंचा फोन आला, लवकर या... चहा तसाच गाळणीत राहिला.

आता चार महिने होतील. दुःख वगैरे शब्द मोठे आहेत, मला तर नुसता थकवा आला आहे. गॅसची टाकी लावायचा थकवा, वहीला कव्हर घालायचा थकवा, "असं कसं झालं हो?" या प्रश्नाचा तर सगळ्यात जास्त. म्हणून एकदाच लिहून टाकतो. विशाखा गेली कशी ते सगळ्यांना माहीत झालं आहे, ती होती कशी ते थोडं सांगतो.

आम्ही राहतो अमरावतीला, पण ती अकोल्याची. तिचे वडील, ज्यांना मी मामाजी म्हणतो, ते अकोला ते बाळापूर काळीपिवळी चालवत. जीपमध्ये माणसं कोंबायची, दोन टपावर बसवायची, बाळापूरला उतरवायची, परतीची भरायची. लेकीला गाडी त्यांनीच शिकवली, बाळापूरला नदीकाठी, सवारी भरेपर्यंतच्या वेळात. पाय पुरत नव्हते तेव्हा पाठीमागे तांदळाचं पोतं ठेवलं होतं म्हणे. आमचं लग्न ठरलं तेव्हा मामाजींनी मला एकच प्रश्न विचारला, "गाडी येते काय?" माझ्याजवळ लायसन्स होतं, ओळखपत्र म्हणून कामाला यायचं. मी म्हटलं, "लायसन्स हाये." मामाजी काय समजायचं ते समजले. "म्हंजे येत नाही," म्हणाले आणि हसले. लग्नानंतर आम्ही एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि विशाखानं मला शिकवायचा प्रयत्न केला, तोही एकदाच. वलगाव रोडवर मी गाडी सरळ रसवंतीत घातली. कोणाला लागलं नाही, बाकडं मोडलं, उसाची मोळी बोनेटवर आली. रसवंतीवाला ओरडायचा सोडून हसत सुटला आणि विशाखा त्याच्याहून जास्त. "उतर, मास्तर. तू भूगोल शिकव," म्हणाली. तेव्हापासून ती उजवीकडे आणि मी डावीकडे. माझ्याकडे पाण्याची बाटली, संत्री सोलणं, आणि मैत्री झाल्यावर मैत्री. पेट्रोलपंपावरची पोरं पैशासाठी माझ्या खिडकीशी यायची आणि मी बोटानं तिच्याकडे दाखवायचो.

लांब आम्ही कधी गेलो नाही. विमान नाही, समुद्र नाही. तिला सुटी रविवारची, तीही दर रविवारी नाही, त्यामुळे सकाळी निघून दिवे लागायच्या आत घरी, एवढाच आमचा पल्ला. पण तिचा एक कायदा होता. ज्या रस्त्यानं गेलो त्या रस्त्यानं परत यायचं नाही. मोर्शीला धरण बघायला गेलो तर परतताना चांदूर बाजार. तिच्या माहेरी अकोल्याला जाताना मूर्तिजापूरचा हायवे आणि येताना दर्यापूर, मग तो रस्ता कितीही खड्ड्यांचा असो. मी नकाशे शिकवणारा माणूस, मला हे वेडेपणाचं वाटायचं. "अवो, सरळ रस्ता सोडून आडवं काहून जायचं?" तर म्हणे, "सरळ जायची मले घाई नाही." धामणगाव रेल्वेला एका लग्नाला गेलो होतो, तिथून परतताना या कायद्यापायी एका नाल्याशी रस्ताच संपला. पुढे तुरी, मागे तुरी. शेतातला एक म्हातारा आला आणि म्हणाला, "इकडं कायले आले जी?" विशाखा म्हणाली, "फिराले." म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. मग त्यानंच बांधाबांधानं वाट दाखवली आणि वर हिरव्या शेंगा दिल्या. त्या रात्री आम्ही शेंगांची आमटी खाल्ली आणि मी अबोला धरला होता, तो आमटीपर्यंतच टिकला.

चिखलदऱ्याला मैत्री वर्षाची असताना गेलो. धामणगाव गढीकडून चढलो, घाटात मला मळमळत होतं, पोरगी माझ्या मांडीवर झोपलेली, आणि बाईसाहेब प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत गाणं गुणगुणत होत्या. वर गेलो तर धुकं. एका पॉइंटवर गेलो, धुकं. दुसऱ्यावर गेलो, धुकं. दरी नाही, झाड नाही, मैत्रीचं टोपडंसुद्धा नीट दिसेना. भुट्टा खाल्ला, चहा प्यालो आणि घटांगकडून खाली उतरलो. मी म्हटलं, "काय पाहिलं आपण?" ती म्हणाली, "धुकं पाहिलं. अमरावतीत हाये काय धुकं?" तिला कुठं पोचायचंच नसायचं, हे मला फार उशिरा कळलं. ती घराबाहेर पडली की झालं, तिची सहल सुरू.

आणि नांदगाव खंडेश्वरचे रोडगे. माझ्या शाळेतल्या एका मित्राचं तिथं शेत आहे. कणकीचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. वऱ्हाडात याहून मोठा सण नाही. आम्ही दोन दिवस तयारी केली. कणीक, तूप, वांगी, परात, गोवऱ्यासुद्धा घरून नेल्या, जसं काही शेतात शेण मिळत नाही. सगळं मांडलं आणि लक्षात आलं, काडेपेटी नाही. मित्र यायला वेळ होता, त्याचा फोन लागेना, आसपास कोणी नाही. मी कपाळाला हात लावून बसलो. विशाखा गाडीत गेली, समोरचं एक बटन दाबलं, थोड्या वेळानं ते बाहेर आलं तर टोकाशी लालभडक. सिगारेट पेटवायचं बटन! इतकी वर्षं मी त्याच्यासमोर बसत होतो, मला वाटायचं रेडिओचं असेल. तिनं पर्समधल्या कापसाच्या बोळ्याला ते लावलं, फुंकलं आणि गोवरी धुपू लागली. त्या दिवशीचे रोडगे बाहेरून काळे आणि आतून कच्चे झाले होते. तरी आम्ही इतके खाल्ले की परतताना मी शिवणीच्या पुढे झोपलो आणि घरी आल्यावरच उठलो. तिनं उठवलं नाही. मला गाडीत झोप लागली की ती रेडिओ बारीक करायची.

त्या कायद्याचं कारण तिनं मला एकदाच सांगितलं, बाळापूरला. तिथं नदीवर जुनी दगडी छत्री आहे, तिच्या पायऱ्यांवर आम्ही डबा खात होतो. मैत्री खांबांभोवती पळत होती. विशाखा म्हणाली, "मी लहान होती ना, तं बाबाजवळ समोर बसो. एक दिवस बाबा म्हणे, पोरी, मी जनमभर गाडी चालवली अन् कुठंच गेलो नाही. हाच रस्ता जायाचा, हाच यायाचा." एवढंच बोलली आणि डब्याला झाकण लावलं. परतताना आम्ही पारसकडून फिरून आलो, मी कुरकुर केली नाही.

ती गेल्यावर मामाजी-सासूबाई मैत्रीला अकोल्याला घेऊन गेले, थोडे दिवस म्हणून. मी हो म्हटलं, माझ्यात नाही म्हणायचं बळ नव्हतं. मग थोडे दिवस वाढत गेले. दर रविवारी मी बसनं जायचो, पोरीजवळ बसायचो, बसनं परत यायचो, त्याच मूर्तिजापूरच्या रस्त्यानं. दिवाळीच्या सुमारास मामाजींनी मला अंगणात खुर्ची दिली आणि म्हणाले, "मिलिंद, राग नको मानू. एकटा माणूस तू. सकाळी शाळा, मंग स्वयंपाक, पोरीची वेणी कोण घालन? इथंच शाळेत नाव टाकून देऊ. तू येत जाय." सासूबाई दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. त्यांची लेक गेली होती आणि घरात परत एक पोरगी चालत-बोलत होती. पण माझ्याजवळ तरी दुसरं काय उरलं होतं? मी मैत्रीला विचारलं, "घरी येतं काय व माझ्यासंग?" ती म्हणाली, "बसनं नाही. गाडीनं नेशील तं येईन." मला गाडी येत नाही, हे मामाजींइतकं कोणाला ठाऊक होतं?

घरी आलो आणि पहिल्यांदा गाडीचं दार उघडलं. चाबी फिरवली तर टक् झालं आणि मग काहीच नाही. बॅटरी बसली होती. सांगून गेली होती ना बाई... पाच मिनिटांचं काम, तेही माझ्याच्यानं झालं नव्हतं. तेव्हा मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो, तोवर रडलो नव्हतो. आणि रडतानाही अडचण, कारण गुडघे वर टेकत होते. विशाखा बुटकी. सीट तिनं पार पुढे ओढलेली होती. खालचा दांडा ओढून मागे सारायची, दुसरं काय? पण हात खाली गेला आणि तसाच परत आला. ती तिथं बसली होती, तेवढंच माप जगात शिल्लक होतं.

ड्रायव्हिंग शिकवणारा एक जण रोज सकाळी आमच्याच गाडीवर यायला तयार झाला. नवीन बॅटरी टाकली. तो रोज म्हणायचा, "सर, सीट मागे घ्या ना जी." मी म्हणायचो, "राहू द्या, असंच बरं वाटते." त्याला वाटलं असेल, मास्तर सटकला. बडनेऱ्याच्या रस्त्यावर पन्नाशीतल्या बायका स्कूटीवरून मला मागे टाकून जायच्या. गुडघ्यांवर निळे डाग पडले. पण गिअर पडायला लागले, आणि एके दिवशी वलगावपर्यंत जाऊन त्या रसवंतीपाशी गाडी सरळ उभी केली. रसवंती बंद होती.

मग एका रविवारी एकटाच अकोल्याला निघालो. ट्रकवाल्यांच्या शिव्या खात, बोरगाव मंजूला थांबून घाम पुसत, कसाबसा पोचलो. हॉर्न वाजवला. मैत्री धावत आली, मागून मामाजी. मैत्री मागचं दार उघडून सरळ आत जाऊन बसली, तिला कोणी हो म्हटलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "अवो माय, अशी काय बसली? उतर बरं." ती हलली नाही. मामाजी गाडीभोवती फिरले. टायर पाहिले, पायानं दाबले. मग माझ्या खिडकीशी आले आणि थांबले. त्यांची नजर माझ्या गुडघ्यांवर होती. सीट पाहिली आणि त्यांना कळलं. तांदळाचं पोतं पाठीशी ठेवून तिला बसवणारा माणूस तो, त्यांना नाही तर कोणाला कळणार? बराच वेळ ते दाराला हात लावून उभे राहिले. मग एकदम खेकसले, "असा चालवत आला अमरावतीहून? ब्रेकवर पाय कसा बसन? पोरगी बसवायची हाये ना गाडीत?" आणि वाकून त्यांनी स्वतः दांडा ओढला. सीट खट् करून मागे गेली आणि माझे पाय मोकळे झाले. ते वाकलेलेच राहिले, तोंड वर केलं नाही. माझ्या मांडीवर हात ठेवून खालीच पाहत म्हणाले, "दर रविवारी आण. अन् आता दर्यापूरहून जाय."

सासूबाईंनी मैत्रीची पिशवी भरली. वेणी घालून दिली, दोनदा सोडून दोनदा घातली. आम्ही दर्यापूरहून आलो. खड्डे तसेच होते.

आता गाडी चालत असते, बॅटरी बसायचं काही कारण नाही. तरी मी रोज सकाळी खाली जाऊन पाच मिनिटं ती चालू ठेवतो. मैत्री अर्धवट वेणीनं मागे येऊन बसते, कुठं जायचं नसतं. कधीकधी ती यायच्या आधी मी दांडा ओढून सीट पुढे घेऊन पाहतो. गुडघे लागतात. थोडा वेळ तसाच बसतो. मग जिन्यात पोरीच्या चपला वाजतात आणि मी सीट मागे घेतो.